धनुबाईने आणलेली लोखंडी जोडी

कळसाडीत कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी बाजाराचा वार बघे आणि मग धनुबाईच्या ओट्यावर येऊन बसे. गावात मिशीवाले पुष्कळ होते. पण बैलाचा जबडा उघडून दात मोजणं निराळं आणि तोच बैल दोन वर्षांनी कसा चालेल ते आज ओळखणं निराळं. धनुबाईचा नवरा हयात असताना त्यानं एकदा स्वतःच्या अकलेनं बैल आणला होता. भर पेरणीत तो जो शेताच्या तासातच बसला तो चाबकानं उठेना की चाऱ्यानं. तेव्हापासून बाजाराला धनुबाई स्वतः जाऊ लागली. बाईमाणूस बैलबाजारात म्हणून चार तोंडं वाकडी झाली. त्याच चौघांनी पुढं तिच्याकडून बैल पारखून नेले, तेव्हा तोंडं आपोआप सरळ झाली.

तिचे नियम थोडे होते. बैल जोडीनं घ्यायचा. एका दावणीला वाढलेली जोडी फोडून एकटा बैल घरी आणायचा नाही, कारण तो नव्या सोबत्याबरोबर वर्षभर पाऊल जुळवत नाही. आणि मानेवर घट्टा पडलेलाच बैल घ्यायचा. घट्टा आहे म्हणजे त्यानं जू ओढलंय. विकणारा गुळगुळीत मानेवरून हात फिरवत म्हणे, "कोवळा शे, माय, कोवळा." धनुबाई म्हणे, "कोवळा नही, आळशी शे. तुन्हामायकच."

लढाईच्या दुसऱ्या वर्षी, होळी होऊन गेल्यावर, तिच्या धाकट्या मुलानं, हिलालनं, जेवता जेवता एक गोष्ट सांगितली.

धनुबाईला दोन मुलगे. थोरला नवल शेती बघायचा. ऊस, कापूस, सालदार, सगळं त्याच्याकडं. हिलालला मातीची आवड कमी, लोखंडाची जास्त. तो शहाद्याला घेवरचंद शेटच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर होता, लेथवर काम करायचा. त्या वर्षी शेटनं फॅक्टरी बंद केली आणि हिलाल घरी येऊन बसला. त्याच्याबरोबरचा करणसिंग खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लागला होता आणि त्याचे निरोपावर निरोप येत होते, की लेथवाला माणूस इथं हातोहात घेतात, ये.

"माय," हिलाल भाकरी मोडत म्हणाला, "आखाजीले मी नवं साल धरसू. आठे नही तं खडकीले."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल त्या दिवशी संपतं आणि नवं सुरू होतं. कुणी कुणाकडं राहायचं ते त्या दिवशी ठरतं आणि मग वर्षभर त्यात बदल नाही. स्वतःच्या पोटच्या पोरानं सालदारासारखं 'साल धरसू' म्हणावं, हे धनुबाईला झोंबलं. पण पोरगा खोटं बोलत नव्हता. रिकामं बसणं त्याच्या हाडाला सोसत नव्हतं.

"आठे काय करशी?" नवलनं विचारलं.

"घरमा लेथ टाकसू. आते तीन गावसमांगे एक इंजिन शे. शाफ्ट तुटना, बुश गया, का लोके दोंडाईचाले पळतस. चार दिन पाणी बंद, ऊस वाळस. ते काम आठे उनं तं माले खडकी कसाले?"

गुळाला त्या साली बरा भाव मिळाला होता. नवलनं मान हलवली. दोघंही आईकडं बघू लागले, कारण त्या घरात दावणीला काय बांधायचं ते तीच ठरवत होती.

"गोठाना आर्धा भाग मोकळा करा," धनुबाई म्हणाली. "मशीन मी देखसू."

हिलालच्या हातातला घास क्षणभर थांबला. मग त्यानं तो खाल्ला.

घेण्यासारखं दोन ठिकाणी होतं. नंदुरबारला स्टेशनजवळ शांतिलाल शेटचं यंत्रांचं दुकान होतं. तिथं पंजाबात बनलेला नवा कोरा लेथ आला होता, आखूड पण घट्ट, असं हिलालनं ऐकलं होतं. दुसरीकडं शहाद्याला घेवरचंद शेट बंद फॅक्टरीतलं सामान विकत होता. त्यात विलायती लेथ होता, ज्यावर हिलाल स्वतः शिकला तो, आणि त्याच्या शेजारी एक छोटं मिलिंग मशीन. लेथमध्ये लोखंड फिरतं आणि हत्यार जागेवर राहतं. मिलिंगमध्ये हत्यार फिरतं आणि लोखंड सरकतं. त्यावर चाकाचे दाते पाडता येतात, खाचा कोरता येतात. नंदुरबारच्या एका लेथला जे मोल पडणार होतं, त्यातच शहाद्याची दोन्ही येत होती.

"दोन मिळी ऱ्हायनात तं एक कोन लई?" धनुबाई म्हणाली.

"माय, मिलिंगनं काम आपला खेडामा नही. आधी लेथ. मिलिंग मांगून."

"एकला बैलघाई नांगर चालना का कधी?"

"हाई बैल नही ना, माय."

"तुले बैल समजत नही म्हनीसनच तू लोखंडकडे गया," ती म्हणाली आणि विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून तिघं शहाद्याला गेले. फॅक्टरीचं पत्र्याचं दार उघडलं तेव्हा आत कापसाच्या तंतूंचा वास अजून कोंडलेला होता. छताखालचा लांब शाफ्ट थांबलेला, त्यावरचे चामड्याचे पट्टे काढून ठेवलेले. घेवरचंद शेट पांढरीशुभ्र टोपी घालून पुढं होता. मोठा हसरा माणूस. हसताना त्याचे डोळे मात्र हसत नसत, ते समोरच्याचा खिसा चाचपत.

"या, या, पाटलीनबाई! आज बैल नही तं घोडा देखाले उन्यात!"

"घोडा तुम्हना गोठामा ऱ्हाता तं फॅक्टरी बंद पडती का?" धनुबाईनं उंबऱ्यावरच परत दिलं. नवल हसला. शेटही हसला, थोडा उशिरानं.

हिलाल सरळ लेथकडं गेला. पट्टा नसल्यामुळं मशीन चालवून बघायची सोय नव्हती. त्यानं हत्यार धरणारा गाडा हातानं मशीनच्या लांब पाटावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवला. चकजवळ, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या जबड्याजवळ, तो डुलत होता, पलीकडच्या टोकाला जाता जाता अडखळत होता. त्यानं पुन्हा सरकवला. मग चकजवळच्या पाटावर नख फिरवलं आणि आईला जवळ बोलावलं.

"माय, आठे पाट घसाई गया. देख. जेवढं काम व्हयनं ते सगळं आठेच व्हयनं. बाकी पाट नवा, आठे खड्डा."

धनुबाई वाकली. तिनं अंगठा फिरवला. चकजवळचा पाट आरशासारखा गुळगुळीत होता आणि थोडा खाली गेलेला. तिला तिथं काय दिसलं? तिला घट्टा दिसला. इतकी वर्षं जू ओढलेली मान दिसली.

"हाऊ काम करेल शे," ती म्हणाली. "घट्टा पडेल शे येले. नंदुरबारना तुन्हा नवा, त्याले काय माहीत काम कसं ऱ्हास?"

"माय, बैलना घट्टा..."

"चूप ऱ्हाय. शेट ऐकस."

शेट ऐकतच होता. पण तो ऐकत होता ते दुसऱ्याच कारणासाठी. तो म्हणाला, "पाटलीनबाई, लेथ तुम्ही लई जा, खुशाल. मिलिंग मात्र मी देवाव नही. सूरतना व्यापारी माले तेच मांगी ऱ्हायना. मिलिंग त्याले, लेथ तुम्हले."

इथं शेटनं चूक केली, की शहाणपणा केला, ते त्यालाच माहीत. धनुबाईनं पदर खोचला.

"शेट, ह्या दोन्ही मशीन कितला साल एक छपरखाले शेत?"

"फॅक्टरी उघडनी तैपासून."

"मंग जोडी फोडीसन इकाले तुम्ही काय खाटिक शेत?"

शेटची बायको हीराबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तोंडाला पदर लावून हसली. बाहेर दोन हमाल उभे होते, तेही हसले. शेटला हमालांसमोर खाटिक म्हणवून घेणं परवडणारं नव्हतं. त्यानं हात जोडले. "घ्या, माय, दोन्ही घ्या. सूरतवालाले मी सांगी दिसू."

हीराबाईनं चहाला आत बोलावलं. धनुबाई म्हणाली, "सौदा व्हयना का मी दुसरानी चूलवर बसत नही." आणि ती गाडीत जाऊन बसली. आपण जिंकलो असं तिला वाटत होतं. हिलाल एक शब्द बोलला नाही. घरी येईपर्यंत नाही, घरी आल्यावरही नाही. मुलगा तोंड वाजवत नाही म्हणजे त्याला पटलं, असा तिचा समज होता. तोंड वाजवणं ही त्या घरात फक्त एकाच माणसाची मक्तेदारी होती, म्हणून बाकीच्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावायची तिला सवय नव्हती.

मशीनं गाड्यांतून आली. गोठ्याच्या मोकळ्या अर्ध्या भागात दगडी चौथरे बांधून ती बसवली. घरामागच्या विहिरीवरचं छोटं इंजिन तिथून पट्टा देण्याइतकं जवळ होतं. धनुबाईनं दोन्ही मशीनांना हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि पोळ्याला बैलांना भरवतात तसा पुरणाचा एकेक घास दोन्हींच्या पुढ्यात ठेवला. गाव बघायला लोटलं. "कळसाडीमा लोखंडनी जोडी उनी," असं जो तो म्हणू लागला आणि ते ऐकून तिची मान आणखी ताठ झाली.

पहिलंच काम गिरधर पाटलाचं आलं. गिरधर हा तिचा चुलतदीर, शेजारच्याच गल्लीतला, तिला वैनी म्हणणारा आणि संधी मिळेल तिथं चिमटा काढणारा. त्याच्या चरकाचा, म्हणजे ऊस पिळायच्या यंत्राचा, शाफ्ट वाकला होता. शेतात उरलेला ऊस उभा. हिलालनं नवं लोखंड चकमध्ये धरलं, इंजिन सुरू केलं आणि सकाळभर काम केलं. दुपारी गिरधर आला, त्याच्यामागं आणखी चारजण आले. हिलालनं जाडी मोजायचा कॅलिपर पलीकडच्या टोकाला लावला. तो सुळकन उतरला. तोच कॅलिपर, तसाच धरून, चकजवळच्या टोकाला लावला. अडकला.

त्यानं पुन्हा लावला. पुन्हा अडकला.

"काय व्हयनं?" गिरधरनं विचारलं.

"एकीकडे जाडा व्हयना, काका. पाट खाले गयेल शे, तठे हत्यार पुरं लागत नही."

"मंग असाच दे. ऊस काय बारीक-जाडा देखीसन पिळाई जास?"

"बुशमा फिरी नही. तापीसन अडकी."

गिरधरनं मान वळवून धनुबाईकडं बघितलं. "वैनी, तुम्ही तं म्हनतात, घट्टा पडेल बैल शे. हाऊ तं लंगडा निंघना!"

चारजण हसले. धनुबाईनं पुढं होऊन शाफ्टच्या दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला. कॅलिपर तिच्या डोळ्यांसमोर अडकला होता, आणि डोळ्यांनी बघितलेलं नाकारण्याची तिला सवय नव्हती.

ती घरात गेली. हिलालनं उरलेला दिवस कानस घेऊन तो शाफ्ट हातानं घासला. कसाबसा बसवून दिला. दोन दिवसांनी तो तापला आणि गिरधर आपला चरक घेऊन दोंडाईचाला गेला. जाताना गाडी मुद्दाम तिच्या दारावरून नेली.

जोडीचंही तेच झालं. हिलालनं एकदा दोन्ही पट्टे चढवून बघितले. इंजिन धापा टाकायला लागलं, धूर काळा झाला आणि दोन्ही मशीनं मंदावून थांबली. एक पट्टा काढला की दुसरं चालायचं. शिवाय मिलिंगची हत्यारं वेगळी घ्यावी लागतात, दाते मोजून पाडायचा वेगळा भाग लागतो, तो शेटकडून आला नव्हता आणि मुंबईशिवाय मिळणार नव्हता. मिलिंग उत्तम होतं. जरासुद्धा घासलेलं नव्हतं, कारण फॅक्टरीतही त्याला फारसं काम पडलं नव्हतं. कळसाडीत ते कोंबड्यांना बसायला उपयोगी पडू लागलं.

आखाजी जवळ येत चालली. माहेरवाशिणी येणार म्हणून घराघरांतून सांजोऱ्यांचा रवा दळला जात होता, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जात होते. धनुबाई चुलीपुढं बसली होती आणि धाकटी सून, निर्मला, परातीत पीठ मळत होती. निर्मला आवाज चढवणारी नव्हती. त्या दिवशीही चढवला नाही.

"आत्याबाई, एक गोष्ट सांगस. तुम्हले राग ई तं या."

"राग माले येत नही," धनुबाई म्हणाली. निर्मलानं ते सोडून दिलं.

"पोरसना बाप वळकटी बांधी ऱ्हायनात. माले म्हनतस, आखाजीनी दुसरी सकाय निंघनं. खोली करणसिंगभाऊ देखी ऱ्हायनात. मी बी, पोरं बी."

धनुबाईचा चिमटा विस्तवातच राहिला.

"माले काबर नही सांगं त्यानी?"

"त्यासनी तुम्हले सांगं होतं." निर्मलानं पिठाचा गोळा परातीत आपटला. "शहादाले. पाटवर नख फिराईसन सांगं होतं. तुम्ही म्हनन्यात, चूप ऱ्हाय. तैपासून ते चूप शेत."

"तू माले शिकाडाले उनी का?"

"नही. भाकरी करी ऱ्हायनू."

आणि ती खरोखरच भाकरी थापत राहिली. दुसरी सून असती तर धनुबाईनं तिच्या माहेरच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण जे खरं ते समोर, पिठाच्या हातांनी, मांडलेलं होतं. ती चिमटा बाहेर काढायची विसरली आणि मग तापलेलाच हातात घेतला, बोटं पोळली, तरी विस्तव सारत राहिली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत तिनं सालदाराला गाडी जुंपायला लावली. कुणाला बरोबर घेतलं नाही. नवलनं विचारलं कुठं, तर म्हणाली, "शहादाले. मन्हं काम शे."

घेवरचंद शेट गादीवर टेकून बसला होता. धनुबाईला एकटी बघून तो उठून बसला.

"पाटलीनबाई! आते काय इंजिन देखाले?"

"सूरतना तो व्यापारी गया का?"

शेटनं टोपी काढली, झटकली, परत घातली. "का बरं?"

"मिलिंग त्याले दई टाकनं शे."

"एकलं?"

"एकलं."

शेट हसला, आणि या वेळी त्याचे डोळेही हसले. त्यानं आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "हीराबाई! अव्हो, ऐका! पाटलीनबाई जोडी फोडाले उन्यात!" हमाल बाहेर बसलेले होतेच. त्यांनाही ऐकू जाईल इतका आवाज त्यानं पुरता लावला. "माय, तैन्हा तं मी खाटिक होतू!"

धनुबाई उभी होती. उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं, चांगलं धारदार, शेटला आठ दिवस पुरेल असं. तिनं ते गिळलं.

"तैन्हा माले समजनं नही," धनुबाई म्हणाली. "बैलनी गोष्ट मी लोखंडले लावी दिधी. आते समजनं. सूरतवाला शे का गया, तेवढं सांगा."

शेटचं हसणं अर्ध्यात राहिलं. भांडायला उभा राहिलेल्या माणसासमोर दुसऱ्यानं काठीच खाली ठेवली तर तो जसा दिसतो तसा तो दिसला. "शे," तो म्हणाला. "परवा येवाव शे. मी त्याले कळसाडीलेच धाडसू."

हीराबाई म्हणाली, "या, माय. आज तरी चहा ल्या." आणि धनुबाई आत गेली, हीराबाईच्या चुलीपाशी पाट होता त्यावर बसली आणि चहा प्यायली. साखर फार होती. तिनं कप तळापर्यंत रिकामा केला.

सूरतवाला आला, मिलिंग बघून खूश झाला, आणि धनुबाईनं घासाघीस केली नाही. गावाला मशीन गेल्यापेक्षा याचं नवल जास्त वाटलं. कोंबड्या दोन दिवस त्या मोकळ्या चौथऱ्याभोवती हिंडत राहिल्या.

मशीन गेलं त्या रात्री जेवताना ती हिलालला म्हणाली, "सकाय नंदुरबारले जाऊत. गाडीमा चारा भर, तापीवर प्रकाशाले मुक्काम पडी."

हिलालनं तिच्याकडं बघितलं. "माय, आखाजीले पाच दिन बाकी शेत. आते..."

"पाच दिन शेत ना? मंग तुन्हं साल आझून सरनं नही."

तापीला पाणी कमी होतं. प्रकाशाच्या घाटाखाली गाडी उतारातून पार झाली, बैल मध्ये थांबून पाणी प्यायले. वाटभर मायलेकांत बैलांपुरतंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी नंदुरबारला शांतिलाल शेटच्या दुकानापुढं उभी राहिली. दुकानाच्या खोल अंधारात हिरव्या रंगाचं काहीतरी चमकत होतं. हिलाल उतरला, पागोटं नीट केलं आणि आई उतरेल म्हणून हात पुढं केला.

"तू जाय," ती म्हणाली.

"तू?"

"मी बैल धरीसन बसस. आठे गर्दी शे, बुजतीन."

बैल बुजणारे नव्हते. तिनंच घेतलेले होते. हिलालनं हात मागं घेतला आणि तो आत गेला.

धनुबाई गाडीत बसून राहिली. ऊन जुवावरून गाडीच्या साट्यावर आलं. आतून पट्ट्याची फडफड ऐकू येऊ लागली, मग लोखंडावर हत्यार लागल्याचा आवाज, मग थांबला, मग पुन्हा सुरू. म्हणजे शांतिलालकडं मशीन चालवून बघायची सोय होती. एकदा आतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अरे भाई, नवीन छे, एमां शुं जोवानुं?" नव्यात बघण्यासारखं काय, असं त्याचं म्हणणं. तेव्हा तिचा एक पाय गाडीतून खाली आला होता. 'नवं शे म्हनीसनच देखनं पडस,' एवढं तरी तिला त्या माणसाला सांगायचं होतं. तिनं पाय वर घेतला.

ओळखीचा एक तळोद्याचा माणूस रस्त्यानं जात होता. बैलबाजारात तिच्याकडून हरलेला. तो थांबला. "धनुमाय, तुम्ही भाईर कसा काय? सौदा कोन करी ऱ्हायनं?"

"ज्याले समजस तो."

"तुम्हले समजत नही का मंग?"

"माले समजस तितलं समजस," ती म्हणाली. "तू तुन्ही वाट धर. मन्हा बैल आझून दुपारना पाणी प्याले नहीत, मारतीन."

तो गेला. मग बराच वेळ कुणी आलं नाही. हिलाल बाहेर आला तेव्हा त्याचे हात तेलानं काळे होते आणि हातात काहीही नव्हतं. तो गाडीच्या चाकाला टेकला.

"नको," तो म्हणाला.

एवढी वाट, एवढी तापी, मिलिंग गेलं, शेटच्या चुलीवर बसणं झालं, आणि हा म्हणतो नको. तिच्या तोंडात एकदम दहा वाक्यं आली. तिनं विचारलं एवढंच, "काबर?"

"घट्ट शे, चांगला शे. लोखंड दोन्हीकडे सारखं उतरनं. पन आखूड शे. चरकना शाफ्ट त्यामा मावत नही. आठे ऊसवालासनं काम यी, लांब पाट पायजे." तो बोटांवरचं तेल पुसत होता. "शेटकडे लांब पाटना बी येस. सांगी ठेवं. वॅगन मिळनी तं महिनामा यी, नही तं दोन."

"महिना?"

"लढाईमुळे वॅगनी मिळत नहीत."

धनुबाईनं बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. मधल्या बोटावर चिमट्याचा फोड अजून वाळला नव्हता. "आखाजी तं तीन दिनवर शे," ती म्हणाली.

"हा."

"मंग?"

"मंग काय? तवलग जुनावर बारीक काम करसू. बारीकले तो चालस, आखूड तुकडामा खड्डाना फरक पडत नही. मोटना चाकना दोन कणा पडेल शेत, नवलभाऊना पंपना बुश शे." त्यानं क्षणभर तिच्याकडं बघितलं. "सांगू का मी शेटले, घेसूत म्हनीसन?"

हे विचारणं आहे की सांगणं आहे, ते तिला कळलं नाही.

"माले काय विचारस?" ती म्हणाली. "मशीन तुन्हं."

हिलाल परत आत गेला, शांतिलाल शेटला शब्द देऊन आला. मग त्यानं बैलांना पाणी दाखवलं, जू मानेवर ठेवलं.

"करणसिंगले कोन सांगी?" धनुबाईनं विचारलं.

"मीच सांगाडसू. त्यानी खोली देखी ठेवेल व्हई, राग करी."

"करू दे," ती म्हणाली. "गाडी हाक. आखाजीले सांजोऱ्या करनं शेत, घरमा खोबरं नही. बाजारमाईन लेत जाऊ. आनि ते मी लिसू. त्यामा तू बोलू नको."